बालसंगोपन : ‘मी मुलगी आहे’ म्हणणारें मूल

विमानांच्या कारखान्यामुळें सर्वांस ठाऊक झालेल्या ओझर गांवाहून एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. धाकट्या दिरांचा नऊ वर्षांचा मुलगा आपण मुलगीच आहों असें म्हणतो. शाळेंत मुलें चिडवितात, घरीं मामंजी रागावतात, आणि अलीकडे तो भरल्या ताटावरून उठून जातो. ह्याला वेड म्हणावें, कीं लाडाचा परिणाम?

आमच्या मतें दोन्ही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं संमत केलेल्या व 2022 पासून अंमलांत आलेल्या रोगवर्गीकरणांत ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणांतून काढून टाकिली आहे. मात्र तेंच वर्गीकरण उतावळेपणासहि आळा घालतें. मुलानें भातुकली मांडिली, ओढणी घेतली, एवढ्यावरून निदान करूं नये. देह व जाणीव ह्यांतील तीव्र विसंगति सुमारें दोन वर्षें टिकलेली असली पाहिजे. पुष्कळ मुलें नुसतीं खेळतात, त्यांना खेळूं द्यावें. ज्या महाराष्ट्रांत कुलीन स्त्रियांनीं नेसण्याची रीत बालगंधर्वांकडून उचलली, तेथें मुलानें पदर घेतल्याचा एवढा गहजब कां व्हावा!

पण अन्न तुटलें, अभ्यास सुटला, मूल एकटें राहूं लागलें, तर दिवस घालवूं नयेत. बालमनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. वयांत येण्यापूर्वीं औषधाचा वा शस्त्रक्रियेचा प्रश्नच नसतो. मुलाचें ऐकून घेणें व घरच्यांस समजाविणें हेंच तेथें मुख्य काम. मुलाला ‘सुधारून’ देण्याची हमी कोणी देईल, तर त्याच्या दारीं उभें राहूं नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें 2022 सालीं अशा उपचारास व्यावसायिक गैरवर्तन ठरविलें आहे.

पुण्याच्या श्रीगौरी सावंत मुलगा म्हणून वाढल्या, आणि किशोरवयांतच घर सोडून त्यांनीं मुंबई गांठली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ब्राह्मण कुटुंबांतल्या. शाळेंत त्यांचीहि थट्टा झाली, परंतु आईबापांनीं त्यांना अंतर दिलें नाहीं. दोघींनींहि पुढें नांव मिळविलें. पण पहिलीच्या वाट्यास जें आलें तें आपल्या लेकरास सोसावें लागावें, असें कोणत्या आजोबांस वाटेल? संसदेनें 2019 सालीं केलेल्या कायद्यांत, केवळ ह्या कारणास्तव न्यायालयाच्या आज्ञेवांचून मुलास आईबापांपासून वेगळें करूं नये, असें कलम घातलें. असें लिहावें लागलें, ह्यावरूनच काय तें समजावें.

ह्या भगिनीस आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रथम मामंजींशीं बोलावें. एकत्र कुटुंबांत थोरांचा सूर बदलला कीं भावंडांची चेष्टा आपोआप थांबते. 14416 ह्या टेलिमानसच्या दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. मुख्याध्यापकांस भेटावयास मामंजींनींच जावें, आणि मूल कोणत्या शौचालयांत जातें हेंहि विचारावें. अशीं मुलें कधीं कधीं त्या भीतीनें शाळेंत दिवसभर पाणी पीत नाहींत.