तळं राखणार कोण?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत मिशिगन राज्यात होतो. ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. शनिवारी सकाळी टोलेडोहून मित्राचा फोन आला. टोलेडो म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं, शेजारच्या ओहायो राज्यातलं शहर. मित्र म्हणाला, "इकडे येणार असशील तर पाण्याच्या बाटल्या आण. मिळतील तेवढ्या." रात्री दोनच्या सुमारास शहराने जाहीर केलं होतं की नळाचं पाणी पिऊ नका.

संध्याकाळी कोल्हापूरला अम्मीला हे सांगितलं. तिचं उत्तर तयार होतं, "मग उकळून प्या की!" मी म्हटलं, "अम्मी, उकळायचंच नाही असं सांगितलंय. उकळलं की पाणी आटतं आणि विष आणखी दाट होतं." ती गप्प झाली. गढूळ पाणी, टँकरचं पाणी, पावसाळ्यातलं पाणी, आपल्या घरात सगळ्यावर एकच इलाज असतो. तो इलाज जिथे चालत नाही असं पाणी तिने कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

सोमवारी सकाळी बंदी उठली. तोवर चार-पाच लाख लोकांचे नळ निकामी होते, दुकानांतल्या बाटल्या संपल्या होत्या आणि नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटत होते. मित्र एका बाटलीतल्या अर्ध्या पाण्यात वुजू करायला शिकला. आणि हे शहर कुठे वसलेलं आहे? ईरी सरोवराच्या काठावर. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ ही पाच महासरोवरं मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सुमारे एक पंचमांश गोडं पाणी साठवतात. तीन कोटींहून जास्त माणसं ते पितात. एवढ्या पाण्याच्या काठावर एक शहर तहानलेलं बसलं होतं.

पाण्यात विष आलं कुठून? एक प्रकारचं निळं-हिरवं शेवाळ उन्हाळ्यात सरोवरावर पसरतं आणि ते मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृताला घातक विष तयार करतं. या शेवाळाचं खाद्य म्हणजे फॉस्फरस. तो येतो सांडपाण्यातून, साबणातून, खतातून. म्हणजे माणसाकडूनच.

या सरोवरांची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे, कारण सरकारी पैशाने तळं वाचतं का, या प्रश्नाचं उत्तर तिथे दोन्ही बाजूंनी मिळतं. वाचतं. आणि पुरतं वाचत नाहीही.

आधी वाचल्याची गोष्ट. १९६० च्या दशकात ईरी सरोवर 'मेलं' असंच लोक म्हणू लागले होते. १९६९ च्या जूनमध्ये क्लीव्हलंड शहरात या सरोवराला मिळणाऱ्या कुयाहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाने पेट घेतला. नदी जळाली! १९७२ मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी अमेरिका व कॅनडाने सरोवरांच्या पाण्यासाठी करार केला. पण कायद्याच्या जोडीला पैसाही आला. शहरांना मैला शुद्धीकरण केंद्रं बांधायला केंद्र सरकार ७५ टक्क्यांपर्यंत खर्च देऊ लागलं. धुण्याच्या पावडरीतला फॉस्फरस कमी केला गेला. १९८० च्या दशकात ईरीत जाणारा फॉस्फरस निम्म्याहून जास्त घटला, शेवाळ ओसरलं, मासे परतले.

दुसरा मोठा टप्पा २०१० चा. ओबामांच्या काळात या सरोवरांसाठी स्वतंत्र निधी सुरू झाला. पहिल्या वर्षी ४७.५ कोटी डॉलर, नंतर वर्षाला साधारण ३० कोटी. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने पाच वर्षांसाठी आणखी १०० कोटी डॉलर दिले. मिशिगन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासाचा हिशेब असा की, या निधीतून खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे २०३६ पर्यंत प्रदेशात ३.३५ डॉलरची उलाढाल वाढेल.

रकमेपेक्षा मला, एक इंजिनिअर म्हणून, जास्त आवडली ती हिशेबाची पद्धत. १९८७ च्या करारानुसार काठावरच्या सर्वांत बिघडलेल्या जागांची यादी झाली. एकूण ४३, त्यातल्या ३१ पूर्ण किंवा अंशतः अमेरिकेच्या बाजूला. प्रत्येक जागेचं नेमकं काय बिघडलंय ते १४ निकषांवर लिहायचं: इथले मासे खाता येतात का, पोहता येतं का, पाणी पिण्यासारखं आहे का. लागू असलेला प्रत्येक निकष सुधारला तरच जागा यादीतून बाहेर. आमच्या कामात जसं टेस्टरने तपासल्याशिवाय तिकीट बंद होत नाही, तसंच. उद्घाटनाची फीत कापली म्हणून तळं स्वच्छ झालं असं इथे धरत नाहीत. मिशिगनमधली व्हाइट लेक आणि डिअर लेक ही दोन तळी २०१४ मध्ये यादीतून बाहेर पडली. मी ज्या डिअरबॉर्नमध्ये जुम्म्याला जायचो, त्या अरब-मुस्लिम वस्तीच्या शहरातून वाहणारी रूज नदी मात्र अजून यादीत आहे. तीही १९६९ मध्ये पेटली होती. सफाईला पिढ्या लागतात.

म्हणूनच हा पैसा दरवर्षी यावा लागतो. आणि दरवर्षी येणारा पैसा दरवर्षी कापलाही जाऊ शकतो. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात या निधीपुढे शून्य लिहिलं. पुढची दोन वर्षं ३० कोटींचे ३ कोटी करण्याचा प्रस्ताव होता. तिन्ही वेळा संसदेने निधी किमान ३० कोटींवर ठेवला. मार्च २०१९ मध्ये मिशिगनमधल्याच एका सभेत ट्रम्प यांनी पूर्ण निधीला पाठिंबा जाहीर केला. हे कसं झालं? सरोवरकाठच्या राज्यांतले दोन्ही पक्षांचे खासदार एकत्र उभे राहिले. खासदारांना अचानक पर्यावरणाचा पुळका आला नव्हता. आपल्या मतदारांना हा आकडा पाठ आहे, हे त्यांना माहीत होतं. मच्छीमार, शाळा, नगरपालिका, होड्या भाड्याने देणारे, सगळ्यांना.

आता न वाचल्याची गोष्ट. एवढा निधी चालू असतानाच टोलेडोचं पाणी विषारी झालं. कारण अमेरिकेचा पाण्याचा कायदा पाइपाला धरतो, शेताला नाही. कारखान्याला आणि मैला केंद्राला परवाना लागतो. शेतातून पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या खताला लागत नाही. टोलेडोतून मॉमी नदी ईरीला मिळते. तिच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन. तिथला फॉस्फरस कमी करायचा तर शेतकऱ्याला अनुदान देऊन विनंती करायची, हाच सरकारच्या हातातला मुख्य मार्ग. २०२५ पर्यंत पश्चिम ईरीत जाणारा फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं होतं. ते उद्दिष्ट गाठता आलं नाही. उन्हाळ्यात सरोवर अजून हिरवं होतं. तोंड उघडं ठेवून तळं कितीही उपसा, ते भरतच राहणार.

हे वाचताना कोल्हापूरकरांना रंकाळा आठवला असेल. मलाही आठवतो. आमच्या लहानपणी संध्याकाळी भेळ खायला जायचं ते तिथेच. पुढे त्याच रंकाळ्याचं पाणी हिरवंगार झालेलं आणि वास मारणारं पाहिलं. ईरीच्या पुढे रंकाळा म्हणजे घागरीपुढे थेंबही नाही, पण दुखणं तेच: सांडपाणी, फॉस्फरस, शेवाळ.

पैसा आपल्याकडेही आला. २००१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. ७० टक्के केंद्र, ३० टक्के राज्य. महाराष्ट्रातून रंकाळा, पवई, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव, भिवंडीचा वऱ्हाळा, ठाण्यातले नऊ तलाव अशी नावं त्यात होती. २०१३ मध्ये ती पाणथळ जागांच्या योजनेत विलीन झाली आणि पुढे वाटा ६०:४० झाला. योजनेच्या कागदावर पहिलं काम बरोबर लिहिलेलं होतं: सांडपाणी अडवा, वळवा, शुद्ध करा. पण त्याच कागदावर काठाच्या विकासालाही जागा होती. कॅगने २०११-१२ च्या जलप्रदूषणावरील अहवालात नद्यांबरोबर तलावांच्या कामांचीही झाडाझडती घेतली, तेव्हा चित्र निराशाजनक होतं.

खरी गोम इथे आहे. बांधकामाला केंद्राचा पैसा येतो, देखभाल मात्र राज्याच्या आणि पालिकेच्या गळ्यात पडते. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. लाँचला बजेट असतं, केक असतो, फोटो असतात. तीन वर्षांनी सर्व्हर कोण सांभाळतं, हे कुणी विचारत नाही. शुद्धीकरण केंद्राचा पंप विजेवर चालतो. बिल थकलं की पंप थांबतो आणि पंप थांबला की नाला पुन्हा तळ्यात. पेव्हर ब्लॉक आणि संगीत कारंजं मात्र दिसत राहतात. सुशोभीकरण डोळ्यांना दिसतं, संवर्धन जमिनीखालच्या पाइपात असतं. म्हणून मत सुशोभीकरणाला मिळतं.

यात आपल्या वस्त्यांचाही प्रश्न आहे. नाल्याच्या तोंडाशी घर कुणाचं असतं? ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही त्याचं. तळं घाण झालं की बोट आधी त्याच्याकडे जातं आणि तळं नटवायचं ठरलं की बुलडोझरही आधी त्याच्याच दारात येतो. ड्रेनेज लाइन ज्या गल्लीत पोहोचलीच नाही, त्या गल्लीला तळ्याच्या नासाडीचा गुन्हेगार ठरवणं हा अन्याय आहे. तळं वाचवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्या गल्लीत लाइन टाकण्यापासून सुरू होतो. ही मागणी वस्तीच्या हिताची आहे आणि तळ्याच्याही. ती आपणच मोठ्याने मांडायला हवी.

आपल्याकडे म्हण आहे, तळं राखील तो पाणी चाखील. ती आपण खाबूगिरीसाठी वापरतो, राखणदार आपला घास काढणारच म्हणून. पण राखणदारावर लक्ष ठेवणारे काठावर बसलेले असतील, तर तो किती चाखतो हे सगळ्या गावाला कळतं. मिशिगन-ओहायोत निधी वाचला तो अशाच काठावर बसलेल्यांमुळे.

तेव्हा तुमच्या शहरातलं एक तळं निवडा आणि चार प्रश्न विचारा. तळ्यात किती नाले येतात, त्यातले किती अडवले? शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, रोज प्रत्यक्ष किती पाणी शुद्ध होतं आणि वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून भरतात? गेल्या पाच वर्षांत सांडपाण्यावर किती खर्च झाला आणि काठाच्या सजावटीवर किती? पाण्याची तपासणी कधी झाली, अहवाल कुठे आहे? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तरं आली की एका साध्या एक्सेल शीटमध्ये भरा. पुढच्या वर्षी, पालिकेचं अंदाजपत्रक मांडण्याआधी, पुन्हा हेच चार प्रश्न विचारा. त्याच्या पुढच्या वर्षीही. एकदा विचारणारा विसरला जातो. दरवर्षी विचारणाऱ्यासाठी फाइल तयार ठेवावी लागते.

अम्मी अजून पाणी उकळूनच पिते, आणि बरोबरच करते. पण टोलेडोनंतर मला एवढं कळलंय की काही पाणी घरात शुद्ध करता येत नाही. ते तळ्यात असतानाच राखावं लागतं.