फाइल उघडेना? आधी निदान करा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. मगच पैसे मोजतो. सरकारी दवाखान्यातले संगणक मंदावले की मात्र आपण थेट नव्या संगणकांची मागणी करतो. हे तपासणीविना औषध देण्यासारखे आहे.

प्रश्न किरकोळ नाही. सातपुड्याच्या पाड्यावरून सिकलसेलचा रुग्ण तीव्र वेदना घेऊन येतो. त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती, पूर्वी रक्त चढवले तेव्हा त्रास झाला होता का, हे डॉक्टरला लगेच हवे असते. नोंद शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर असते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते.

‘इंटरनेट स्लो आहे’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पण सर्व्हर त्याच इमारतीत असेल तर फाइल इंटरनेटवरून येतच नाही. ती आपल्याच केबलमधून आणि स्विचमधून येते. २० एमबीचा डिजिटल एक्स-रे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर दोनेक सेकंदांत यायला हवा. मिनिट लागत असेल तर वाटेत अडथळा आहे.

तो शोधण्याचा क्रम रुग्ण तपासण्यासारखाच. त्रास एकालाच की सगळ्यांना? एकाच संगणकाला असेल तर त्याची केबल बदलून पाहा. गिगाबिट वेगासाठी केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. उंदराने एक कुरतडली तरी वेग घसरतो. तो वाय-फायवर असेल तर केबल लावून बघा. सगळ्यांनाच त्रास असेल तर स्विच आणि सर्व्हरची डिस्क तपासा. मोठी फाइल झटकन येते, पण फोल्डर उघडायला वेळ लागतो? मग एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली साचल्या असतील. त्या वर्षवार लावा. अँटीव्हायरस दर वेळी प्रत्येक फाइल तपासत असेल तर त्याचे सेटिंग जाणकाराकडून बदलून घ्या. तो बंद मात्र करू नका. रुग्णांची माहिती उघड्यावर पडेल.

केबल आणि स्विचचा खर्च नव्या संगणकांपेक्षा कितीतरी कमी. म्हणून प्रत्येक सरकारी दवाखान्यात वर्षातून एकदा नेटवर्कची तपासणी व्हावी आणि ती कोणी करायची हे ठरलेले असावे. रुग्ण कल्याण समितीने औषधसाठ्याची चौकशी करताना एवढेही विचारावे: रुग्णाची जुनी नोंद उघडायला किती सेकंद लागतात?