आधी घड्याळ, मग जिद्द

पहाटे ‘लिज्जत’ पापडाच्या केंद्रावर जायचं, कालचे पापड वजनावर घालायचे, वणाईचे, म्हणजे लाटण्याचे, पैसे घ्यायचे आणि आजचं तिंबलेलं पीठ घेऊन घरी यायचं. मुलं शाळेत गेली की पोळपाट मांडायचा. बाळ उठलं तर लाटणं बाजूला ठेवायचं, त्यासाठी साहेबाची परवानगी लागत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं. आज ‘लिज्जत’च्या सुमारे ४५ हजार भगिनी संस्थेच्या मालकिणीही आहेत.

बाई नोकरीऐवजी धंदा का निवडते, असं विचारलं की आपण लगेच जिद्दीचे गोडवे गातो. जिद्द असतेच. पण त्याआधी घड्याळ असतं. घरचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतंय, असं धरूनच नोकरीच्या वेळा ठरलेल्या असतात.

मुंबईच्या गिरणगावात हे उघड दिसलं. गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या चुली खानावळी झाल्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची पोटं त्यांनीच सांभाळली. भांडवल मात्र सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांना उद्योजिका म्हणावं, हे तेव्हा कुणाला सुचलंही नाही!

म्हणून नुसतं कौतुक पुरेसं नाही. नोकरीची दारं अरुंद ठेवायची आणि बाहेर राहिलेल्या बाईच्या हिमतीला टाळ्या वाजवायच्या, हा अन्याय आहे. धंद्यात उतरल्यावरही तिची वाट अडतेच. तारण मागितलं जातं, आणि घर-जमीन बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर.

कर्जाचं सोडा, बचतीचंही तसंच. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर प्लास्टिक घालायला पैसे साठवायचे होते. बँकेने खातं उघडायला नकार दिला. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका काही महिने अक्षरं गिरवून परत गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेवरचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही काढायला सांगा. १९९७ मध्ये ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ उभी राहिली. भाजीवालीला दुकान सोडून बँकेत जायला फुरसत नसते, म्हणून तिची बचत गोळा करायला बँकेची माणसं आठवडी बाजारात जातात.