हवेलीतला राक्षस आणि हवेलीचा मालक

हिंदी भूतपटांविषयी पुरोगामी मंडळींची प्रतिक्रिया ठरून गेलेली असते. हे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात, अभिरुची बिघडवतात, सबब ते त्याज्य होत, एवढे म्हटले की विषय संपतो. उलट बाजूस, गेल्या काही वर्षांत शहरी सुशिक्षित तरुणांमध्ये याच चित्रपटांचे कौतुक करण्याची टूम निघाली आहे. ओबडधोबड मुखवटे, लाल-निळा प्रकाश, धुराचे लोट यांना ही मंडळी हसतात आणि हसता हसता त्यांचे लाड करतात. तिरस्कार करणारे आणि लाड करणारे यांच्यात एका बाबतीत मात्र एकमत आहे. चित्रपट काय सांगतो, इकडे लक्ष देण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. तुलसी आणि श्याम रामसे या बंधूंनी दिग्दर्शित केलेला १९८४ चा ‘पुराना मंदिर’ हा या प्रकारातला बहुधा सर्वांत गाजलेला चित्रपट. चाळीस वर्षांनंतरही जो पाहिला जातो, त्याला केवळ टाकाऊ म्हणून चालणार नाही. त्याच्याकडून जाब मागितला पाहिजे.

आधी जमेची बाजू नोंदवणे न्यायाचे होईल. रामसे कुटुंब फाळणीपूर्वी कराचीत रेडिओच्या व्यवसायात होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि फतेहचंद रामसे यांनी दुकान सांभाळता सांभाळता चित्रपटनिर्मितीत पाऊल टाकले. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. परंतु त्यातला पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात तो प्रसंग प्रेक्षकांना भावला, हे मुलांनी हेरले. त्यातून १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ उभा राहिला. सात भाऊ, कोणी पटकथा लिहिली, कोणी कॅमेरा धरला, कोणी ध्वनी, कोणी संकलन सांभाळले. महाबळेश्वरच्या विश्रामगृहात सगळा संच उतरला आणि घरच्या स्त्रियांनी स्वयंपाक केला. (त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही ताळेबंदात झाली नसणार, हे सांगायला नको.) पहिल्या फळीच्या नटांच्या मानधनाखाली दबलेल्या धंद्यात एका निर्वासित कुटुंबाने गृहोद्योगाच्या पद्धतीने चित्रपट काढले, ते लहान गावांतल्या थिएटरांपर्यंत नेले आणि दोन दशके त्यावर तगले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रकरणाकडे आदराने पाहावे असेच ते आहे.

चित्रपटाचे बाह्य दोष तर उघडेच आहेत आणि त्यांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. भयकथेच्या मधोमध जगदीप ‘शोले’तल्या गब्बरसिंगाचे विडंबन घेऊन येतात आणि मूळ कथा ताटकळत उभी राहते. गाणी, हाणामारी आणि स्त्रीदेहाचे प्रदर्शन यांची भर पडते. वितरकाला एकाच तिकिटात सर्व काही हवे असते, आणि ज्याच्यापाशी मोठा नट नाही त्याला तर ही भेळ करावीच लागते. भीती बहुतांशी आवाजातून आणि अचानक समोर येणाऱ्या चेहऱ्यातून काढलेली आहे. साचत जाणारी, घरी सोबत येणारी भीती येथे जवळजवळ नाही. कमी पैशात झालेल्या कामाचे हे दोष म्हणून ते क्षम्य मानता येतील. परंतु या चित्रपटाचा मुख्य दोष पैशाच्या अभावातून आलेला नाही. कथा रचायला मुखवट्याइतकाही खर्च येत नसतो.

कथा थोडक्यात अशी. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंहाच्या राज्यात सामरी नावाचा सैतान उच्छाद मांडतो. राजकन्या त्याला बळी पडते. राजा त्याला पकडतो, शिरच्छेद करवतो, धड जुन्या मंदिरापाशी पुरवतो आणि मस्तक पेटीत घालून, त्रिशूळाच्या पहाऱ्यात, हवेलीत ठेवतो. मरता मरता सामरी शाप देतो की, राजाच्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आणि धडाला शिर पुन्हा जुळले की तो उठून सारा वंश नष्ट करील. आजच्या काळात या वंशातले ठाकूर रणवीरसिंह (प्रदीपकुमार) शहरात राहतात. त्यांची कन्या सुमन (आरती गुप्ता) संजय (मोहनीश बहल) या सामान्य घरातल्या तरुणाच्या प्रेमात पडते. ठाकूर विरोध करतात आणि अखेर शापाची हकिगत सांगतात. मग तरुण मंडळी हवेलीवर जातात, सैतान जागा होतो आणि त्रिशूळाच्या बळावर त्याचा अंत होतो.

या कथेत राजा न्यायी आहे. ठाकूर दुःखी आहे. हवेली पीडित आहे. भीतीचे मूळ बाहेरून आलेला, कोठला कोण हे न सांगितलेला, काळाकभिन्न सामरी. हिंदी पट्ट्यातल्या खेड्यात ठाकुराच्या हवेलीची भीती कोणाला वाटत आली? हवेलीतल्या माणसांना, की हवेलीवरून पायताण हातात घेऊन जावे लागणाऱ्यांना? वेठबिगार, बेदखली, पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारे कर्ज, हवेलीवर बोलावली गेलेली शेतमजुराची मुलगी: ज्या वास्तूच्या भिंतींत हे सारे मुरलेले आहे, त्या वास्तूत भूत शोधायला निघालेल्या लेखकाला ते दिसू नये, हे आश्चर्य आहे. चित्रपट निघाला तेव्हा जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांना तीस वर्षे आणि संस्थानिकांचे तनखे बंद करणाऱ्या १९७१ च्या घटनादुरुस्तीला तेरा वर्षे होऊन गेली होती. तरीही ठाकुरांचा शहरातला थाट कोणत्या उत्पन्नावर चालतो, हवेलीभोवतीची जमीन कोण कसतो, हे प्रश्न पटकथेला पडत नाहीत. गावकरी आहेत, पण ते मरण्यासाठी, घाबरण्यासाठी आणि शेवटी ठाकुराच्या घराण्याचे संकट टळल्याचा आनंद मानण्यासाठी.

लग्नाच्या विरोधाचे उदाहरण घ्या. आपल्या मुलीने खालच्या थरातल्या मुलाशी लग्न करू नये असे ठाकुराला वाटते, याचे खरे कारण आपल्या समाजात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. जात, मालमत्ता आणि घराण्याची तथाकथित इभ्रत यांसाठी मुलींचे आणि त्यांच्या प्रियकरांचे मुडदे पडलेले आहेत, आजही पडतात. चित्रपट या जळत्या प्रश्नाला हात घालतो आणि लगेच हात मागे घेतो. बापाचा विरोध गर्वापोटी नव्हता, मुलगी बाळंतपणात मरू नये या मायेपोटी होता, असा खुलासा होताच प्रेक्षक ठाकुराला क्षमा करून मोकळा होतो. शापाचे पटकथेतले खरे कार्य हेच आहे.

आणि तो शाप तरी कोणता? बाळंतपणात मरण! सैतानाच्या तोंडी घातलेली ही शिक्षा या देशातल्या लक्षावधी घरांची साधी हकिगत होती. चित्रपटानंतर तेरा-चौदा वर्षांनी, १९९७-९८ मध्येसुद्धा, भारतात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार २००१-०३ या काळातल्या मातामृत्यूंपैकी ३८ टक्के केवळ रक्तस्रावाने झाले. त्याखालोखाल जंतुदोषाचा क्रम होता. हा शाप राजवंशाला नव्हता. तो अंगात रक्त नसलेल्या, आठव्या महिन्यापर्यंत शेतात राबणाऱ्या, दवाखान्यापासून बैलगाडीच्या अंतरावरही नसलेल्या स्त्रियांना होता. ‘पुराना मंदिर’ पाहणाऱ्या थिएटरात, खालच्या वर्गाच्या बाकांवर, असे मरण घरात पाहिलेले प्रेक्षक नक्कीच बसलेले असणार. त्यांच्यापुढे त्यांचेच दुःख आले, पण ठाकुराच्या कन्येचे म्हणून. आणि त्यावर उपाय आला तो त्रिशूळ. शहरात राहणाऱ्या, पैसा असलेल्या या बापाला मुलीला एखाद्या प्रसूतितज्ज्ञाकडे न्यावेसे एकदाही वाटत नाही, हा पटकथेतला केवढा मोठा खड्डा आहे!

तो शाप पुढे कसा उतरला, हेही सांगितले पाहिजे. १९९२-९३ मध्ये देशातली सुमारे २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के. २०१८-२० मध्ये मातामृत्यूचे प्रमाण ९७ वर आले. यात परिचारिका, रक्तपेढ्या, रस्ते आणि २००५ नंतर गावोगाव गरोदर बायांचा पाठपुरावा करणाऱ्या आशा स्वयंसेविका यांचा वाटा आहे. या स्वयंसेविकांना शासन अद्याप कर्मचारी मानत नाही, मानधनावर राबवते. सामरीला ठार मारणाऱ्यांची ही तुकडी पडद्यावर यायची अजून राहिली आहे.

राक्षसपट म्हटला की तो असाच असायचा, हे खरे नाही. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतून आणि १९३१ मध्ये जेम्स व्हेलने त्यावर काढलेल्या चित्रपटातून आलेला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस माणसाने घडवलेला आणि घडवून टाकून दिलेला जीव आहे. त्याच्या क्रौर्याला इतिहास आहे. ड्रॅक्युला हा तर साक्षात सरदार, गढीत राहून रयतेचे रक्त पिणारा. (ती कादंबरी निघण्यापूर्वी तीस वर्षे, १८६७ मध्ये, मार्क्सने भांडवलाला रक्तपिपासू पिशाचाची उपमा देऊन ठेवली होती.) इशिरो होंडांचा ‘गोजिरा’ १९५४ चा. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीतली राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. समुद्रातून उठलेला तो प्राणी कोणाच्या पापाचे फळ आहे, हे जपानी प्रेक्षकाला विचारावे लागले नाही. या तिन्ही राक्षसांना गाव आहे, कूळ आहे, कारण आहे. सामरी नुसता दुष्ट आहे. दुष्टपणाला कारण दिले नाही की मालकाला प्रश्न विचारावा लागत नाही, ही त्यातली सोय.

नटांच्या कारकिर्दीतले दोन योगायोग येथे बोलके ठरतात. ‘पुराना मंदिर’मध्ये हवेलीवरच्या दुर्जनाची छोटी भूमिका सदाशिव अमरापूरकरांनी केली आहे. आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’मध्ये त्यांनी रामा शेट्टी उभा केला होता. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या पटकथेत रामा शेट्टीला ना सुळे होते ना नखे. पोलीस अधिकाऱ्यासमोर तो शांतपणे बोलत असे आणि अंगावर काटा येत असे, कारण त्याच्या मागे कोण उभे आहे हे प्रेक्षक जाणून होता. दुसरा योगायोग सामरीचाच. रुडकीत अभियांत्रिकी शिकलेल्या अनिरुद्ध अगरवालांनी ही भूमिका केली. दहा वर्षांनी, शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’मध्ये, तेच बाबू गुज्जर झाले. तोच उंच देह, तोच लांबट चेहरा, मुखवट्याची गरज नाही. सामरी आला की थिएटरात शिट्ट्या वाजत; बाबू गुज्जर पाहताना कोणाला शिटी वाजवावीशी वाटत नाही. नट तेच होते. बदलले होते ते भीतीचे ठिकाण.

अशा चित्रपटांवर बंदी घालावी काय, असा प्रश्न कार्यकर्ते अधूनमधून विचारतात. नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा जिवंत माणसांना छळणाऱ्या भोंदूंविरुद्ध आहे, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांविरुद्ध नव्हे. आणि तो तसाच असावा. सामरी खरा आहे असे मानून कोणीही प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडला नसेल. त्रिशूळाने दुखणे बरे होते, ही समजूत मात्र चित्रपटाने बळकट केली असेल. पण त्याहून खोल जाते ती न बोललेली गोष्ट: गावाचे भले म्हणजे हवेलीचे भले. तिला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध कोणी सभाही घेत नाही. कार्यकर्त्याने हा चित्रपट गावात दाखवावा आणि संपल्यावर विचारावे की, हवेलीची जमीन किती असेल आणि ती कोणाची होती. अंधश्रद्धेवरच्या व्याख्यानापेक्षा ती चर्चा अधिक रंगेल.

हिंदीत याहून निराळे घडू शकते, याचा दाखला २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांच्या ‘तुम्बाड’ने दिला. कोकणातला वाडा, पावसाने कुजत चाललेली भूमी, १९१८ ते १९४७ हा काळ आणि हस्तर नावाचा दैत्य. त्याला सोने मिळाले, अन्न मिळाले नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्याजवळच्या मुद्रा चोरायच्या, हा विनायकरावाचा पिढीजात धंदा होतो, आणि त्या मुद्रा मोडून घेणारा सावकार पुण्यात बसलेला असतो. येथे राक्षस बाहेरून आलेला नाही. वाड्यानेच त्याला पोसले आहे, आणि हाव बापाकडून मुलाकडे वारसाने जाते. पाहणाऱ्याला दैत्यापेक्षा विनायकरावाची भीती अधिक वाटू लागते, हे त्या चित्रपटाचे यश. एवढे मात्र खरे की, हस्तरसाठी मळलेल्या त्या कणकेचे धान्य ज्या कुळाने पिकवले, ते कूळ ‘तुम्बाड’मध्येही पडद्याबाहेरच राहिले आहे.