खाच जुळली, पण काम जुळले का?



शाळेसाठी दुर्बीण घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न येतो : केवढी मोठी? आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : ती संगणकाशी जोडणार कशी?

आकाशाचे फोटो काढताना दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरविणारे माउंट, मुख्य कॅमेरा, गायडिंगचा छोटा कॅमेरा व फोकसर ही उपकरणे बहुधा यूएसबीनेच लॅपटॉपला जोडतात. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. ती घडविणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट प्रमुख होते. त्यांचे शिक्षण आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु खाच जुळली म्हणजे काम जुळलेच, असे नाही.

यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो, ३.० चा ९००. साध्या हबवर तीन-चार उपकरणे लावली की एवढीच वीज सर्वांत वाटली जाते व कॅमेरा मध्येच बंद पडू शकतो. म्हणून स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरचा हब हवा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. दुर्बीण गच्चीवर आणि लॅपटॉप खालच्या वर्गात, हे चालत नाही. जुन्या माउंटला सिरियल पोर्ट असतो. त्याच्या कन्व्हर्टरला योग्य ड्रायव्हर लागतो आणि केबल दुसऱ्या पोर्टात घातली की कॉम पोर्टचा क्रमांकही बदलू शकतो.

हे सारे रात्री अंधारात शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. २२ जुलै २००९ च्या सकाळी सुरतेत खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रास स्थिती होती तीन मिनिटांहून थोडी जास्त. ग्रहण कोणाच्या ड्रायव्हरसाठी थांबत नाही.

विश्वस्तांना आमची विनंती : दुर्बीण थोडी लहान चालेल, पण हब व चांगल्या केबलींचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. सर्व उपकरणे शाळेच्याच लॅपटॉपवर एकत्र चालवून पाहावीत, मगच बिल चुकवावे. विद्यार्थ्यांनी दिवसाउजेडी पूर्ण जोडणी करून पाहावी, प्रत्येक केबलला चिठ्ठी लावावी आणि उपकरण, पोर्ट व ड्रायव्हर यांची वहीत नोंद ठेवावी. पालकांनी याला वेळेचा अपव्यय समजू नये. हेही विज्ञानच आहे.

दात्यांच्या पैशाची दुर्बीण कपाटात धूळ खात पडली, तर खरे नुकसान त्या मुलाचे, ज्याने शनीची कडी आजवर फक्त पुस्तकातच पाहिली आहे.