दातृत्वाचे रक्तगट

देणगीदारांच्या सत्कारसमारंभात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : दातृत्व या समाजाच्या रक्तातच आहे. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा कृतज्ञतेचा असतो आणि श्रोतेही त्यावर टाळ्या वाजवतात. याच वाक्याचे दुसरे टोक प्रचारसभांत, वाचकांच्या पत्रव्यवहारात आणि चहाच्या टेबलांवर ऐकू येते : अमुक समाज कवडीचुंबक, तमुक लोकांना घेणे तेवढे ठाऊक, मराठी माणसाचा हात खिशाकडे जातच नाही. पहिले वाक्य स्तुतीचे आणि दुसरे निंदेचे, म्हणून आपण त्यांना परस्परविरोधी मानतो. आमच्या मते ती एकाच साच्यातून काढलेली आहेत. भाषा हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तरी ऐकताक्षणी हा साचा ओळखायला हवा.

या साच्याची रचना अशी : एका माणसाची एक कृती घ्यायची, तिच्यातून तो माणूस वगळायचा आणि त्याच्या जागी त्याचा वंश, वर्ण किंवा जात कर्ता म्हणून बसवायची. मग वाक्याला पुराव्याची गरज उरत नाही. पटणारे प्रत्येक उदाहरण त्याला बळ देते आणि न पटणारे 'अपवाद' म्हणून बाजूला पडते. हे उघडे पाडणारे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे प्रश्न उघडपणे वर्णाचा होता, म्हणून साच्याच्या कडाही तेथे अधिक ठळक दिसतात.

१७९३ साली फिलाडेल्फिया ही अमेरिकेची राजधानी होती. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस शहरात पीतज्वराची साथ पसरली आणि थंडी पडेपर्यंत सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे शहराच्या लोकसंख्येचा साधारण दहावा हिस्सा, दगावली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, अशी समजूत तेव्हा काही वैद्यांत होती. तिला प्रमाण मानून बेंजामिन रश या नामांकित डॉक्टरांनी शहरातील कृष्णवर्णीयांना शुश्रूषेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स यांनी त्याला प्रतिसाद दिला. दोघेही जन्माने गुलाम, नंतर स्वतंत्र झालेले. १७८७ मध्ये त्यांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' नावाची संस्था काढली होती. सभासदांनी दरमहा एक शिलिंग जमा करायचा आणि त्यातून आजारी, विधवा व अनाथ यांना साहाय्य करायचे, असा तिचा नियम होता. या संस्थेच्या माणसांनी रोग्यांची सेवा केली आणि प्रेते उचलून पुरली. कृष्णवर्णीयांना रोग होत नाही ही समजूत अर्थातच खोटी होती. आदल्या वर्षी शहरात ६७ कृष्णवर्णीयांचे दफन झाले होते, १७९३ मध्ये ३०५ जणांचे झाले, अशी नोंद ॲलन आणि जोन्स यांनीच पुढे दिली.

साथ ओसरत असतानाच मॅथ्यू केरी या मुद्रक-प्रकाशकाने तिचा वृत्तान्त पुस्तिकेच्या रूपाने छापला. ती इतकी खपली की अल्पावधीत तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. काळ्यांपैकी नीच लोकांनी शुश्रूषेसाठी अवाच्या सवा पैसे उकळले आणि काहींनी रोग्यांच्या घरांत चोऱ्या केल्या, असा आरोप तिच्यात होता. केरीने सरसकट सर्वांना चोर म्हटले नव्हते. ॲलन आणि जोन्स यांचा तर त्याने नावानिशी गौरव केला. कोणाला वाटेल, एवढे तारतम्य पुरेसे आहे. ज्यांचा गौरव झाला होता त्या दोघांना मात्र ते पुरेसे वाटले नाही.

१७९४ च्या प्रारंभी त्यांनी स्वतःची पुस्तिका प्रसिद्ध केली. आमच्या मते खंडनात्मक गद्याचा तो एक आदर्श आहे. दोघांचीच नावे घेऊन बाकीच्यांना अनाम ठेवले की ते सगळे संशयित ठरतात, हे त्यांनी दाखवून दिले. लुबाडणूक करणारे गोरेही होते, पण त्यांच्याविषयी लिहिताना कोणी 'गोऱ्यांपैकी नीच लोक' असा शब्दप्रयोग केला नाही. काळ्याची भुरटी चोरी गोऱ्याच्या लुबाडणुकीपेक्षा मोठा गुन्हा कशी, असा त्यांचा रोकडा सवाल होता. शुश्रूषेचे दर का वाढले, याचेही उत्तर त्यांनी दिले : घाबरलेली कुटुंबेच एकमेकांवर चढाओढ करून अधिक पैसे देऊ करत होती. खुद्द केरी साथीच्या काळात काही दिवस शहराबाहेर होता आणि या पुस्तिकेवर त्याने चांगली कमाई केली, हे सांगायलाही ते विसरले नाहीत.

यापुढे त्यांनी जमाखर्चच मांडला. जमा २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्या आणि मजुरी मिळून खर्च ४११ पौंड. पदरचे गेले १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. हिशेबाबरोबर माणसांची नावेही आली. सॅम्पसन नावाचा गरीब माणूस घरोघर जाऊन सेवा करत राहिला आणि त्याने मोबदला घेतला नाही. सीझर क्रँकल यानेही पैसे नाकारले. सारा बास या गरीब विधवेने अनेक कुटुंबांची शुश्रूषा केली. 'आमचा वंश मुळातच परोपकारी आहे' असे विधान करून केरीवर मात करणे त्या दोघांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. सामान्यीकरणाला उलट सामान्यीकरणाने उत्तर देण्याचा मोह त्यांनी टाळला आणि नाव, कृती, रक्कम एवढ्यावरच ते ठाम राहिले. त्यांच्या पुस्तिकेचे बळ या संयमात आहे.

दोनशे बारा वर्षांनी हाच प्रश्न त्याच देशात पुन्हा उभा राहिला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ लुईझियानाच्या किनाऱ्यावर धडकले आणि बांध फुटून न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. दुसऱ्याच दिवशी दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रे प्रसृत झाली. दोन्हींत छातीएवढ्या पाण्यातून खाण्यापिण्याच्या वस्तू नेणारी माणसे होती. कृष्णवर्णीय तरुणाच्या छायाचित्राखालच्या ओळीत त्याने दुकान 'लुटले' होते. गोऱ्या दिसणाऱ्या जोडप्याला मात्र वस्तू 'सापडल्या' होत्या. छायाचित्रकार वेगळे, संस्था वेगळ्या, आणि प्रत्येकाने आपापल्या शब्दाचे समर्थनही केले. हे मान्य करूनही प्रश्न उरतोच : बुडालेल्या शहरात पाव उचलणाऱ्या माणसासाठी कोणते क्रियापद आपल्याला सहज सुचते आणि ते कोणाला पाहून सुचते? मदतीला पात्र कोण आणि बंदोबस्ताला पात्र कोण, हे या एका क्रियापदाने ठरते.

२ सप्टेंबर २००५ रोजी एनबीसी वाहिनीने पूरग्रस्तांच्या निधीसाठी कार्यक्रम केला. त्यात रॅप गायक कान्ये वेस्ट याने लिहून दिलेला मजकूर बाजूला ठेवला. वृत्तमाध्यमे काळ्या कुटुंबाला लुटारू म्हणतात आणि गोऱ्याला अन्न शोधणारे म्हणतात, असे तो बोलला आणि शेवटी म्हणाला की, जॉर्ज बुश यांना काळ्या लोकांची पर्वा नाही. वाहिनीने पश्चिम किनाऱ्याच्या उशिराच्या प्रक्षेपणातून हे वाक्य वगळले. निधिसंकलनाच्या मंचावर असे बोलावे काय, यावर बराच वाद झाला. वाक्य कठोर होते, कदाचित अन्यायकारकही असेल. पण त्याचा कर्ता एक नामनिर्देशित राज्यकर्ता होता. त्याच्या कारभाराचे दाखले देऊन ते खोडता आले असते किंवा सिद्ध करता आले असते. 'गोऱ्यांना पर्वा नाही' हे वाक्य वेगळे झाले असते, कारण ते खोडण्यासाठी कोणते दाखले द्यायचे हेच कोणाला सांगता आले नसते. पुढे २०२२ मध्ये याच गायकाने ज्यू समाजाविषयी द्वेषपूर्ण सरसकट विधाने केली आणि आदिदास कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले. ज्याला २००५ साली साचा दिसला होता, तोच पुढे साचा वापरू लागला. सामान्यीकरणाची खोड कोणत्या एका वर्णाची मिरासदारी नाही, याचा याहून बोलका दाखला आम्हाला सापडत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या दातृत्वाचा विषय निघाला की पारशी रक्ताची थोरवी गायली जाते. जमशेटजी जीजीभाई (१७८३-१८५९) यांच्या देणगीतून मोठे रुग्णालय उभे राहिले. सरकारने माहीमचा बांधरस्ता बांधण्यास नकार दिल्यावर त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी पैसा दिला आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. हे ऋण मोठे आहे. पण याच शहरात बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून होते. पुण्याचे ससून रुग्णालय आजही त्यांचे नाव सांगते. याच शहरात सुरतेचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद होते. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतला, टॉवरला नाव त्यांच्या आईचे. नाना शंकरशेट (१८०३-१८६५) हे मराठी सोनार कुटुंबातले. चार घराणी, चार रक्ते. आणि सगळ्यांचे दान एकाच शहरात, थोड्याफार फरकाने एकाच काळात. रक्त वेगळे आणि परिणाम एक, तर कारण रक्ताबाहेर शोधावे, एवढे तर्कशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षालाही शिकवले जाते.

ते कारण अदृश्य नाही. जमशेटजींच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या कापूस आणि अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. प्रेमचंद यांचा उत्कर्ष १८६१ ते १८६५ च्या कापूस-तेजीत झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. फिलाडेल्फियाच्या जमाखर्चापासून राजाबाई टॉवरपर्यंत असा एक धागा आहे. व्यापार, वसाहतीचे राज्य, सरदारकीच्या सनदा, नव्या शहराची निकड आणि अर्थातच त्या त्या व्यक्तीचे मन, या साऱ्यांतून ही दाने घडली. 'रक्त' म्हटले की हा सगळा इतिहास एका शब्दात पुसला जातो. आणि पुसले जाते ते देणाऱ्याचे मनही. रक्तानेच दिले असेल, तर माणसाचे आभार कशाला मानायचे?

'मराठी माणूस देत नाही' या वाक्याचीही हीच गत. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागत उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खेड्यापाड्यांतल्या मदतीवर वाढली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. महर्षी कर्वे गावोगाव वर्गणी मागत हिंडले, ती वर्गणी कोणीतरी देत होतेच. ज्याच्या नावाची कोनशिला बसते तेवढेच दान धरायचे, असा हिशेब केला तर पैशापैशाने देणारा समाज कृपण दिसणारच. दोष त्या समाजाचा नव्हे, मोजमापाचा आहे.

यावर एक आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे. समाजासमाजांत देण्याच्या परंपरा असतातच, त्या नाकारायच्या काय? मुळीच नाही. इस्लाममध्ये जकात आहे, शिखांचा लंगर आहे, पारशांचे न्यास आहेत, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चर्च आहेत. पण परंपरा ही शिकवलेली, नियमांनी बांधलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली गोष्ट आहे. दरमहा एक शिलिंग कोणाच्या धमन्यांत नव्हता, तो नियमावलीत होता. परंपरेकडून दुसऱ्याला काही घेता येते, रक्ताकडून येत नाही. 'त्यांच्या रक्तात आहे' या वाक्यात म्हणूनच एक सोयीची पळवाट दडलेली असते : आमच्या रक्तात नाही, तेव्हा आमच्याकडून अपेक्षा नको. गौरवाच्या टाळ्या वाजवत आपण आपलीच सुटका करून घेतो. त्याच वेळी त्या 'दानशूर' समाजातला गरीब माणूस मात्र नजरेआड होतो, कारण साच्यात त्याला जागाच नसते.

कृतज्ञता कशी लिहावी याचा पाठ मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी परोपकारबुद्धी दाखवली त्यांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका पुन्हा वाचावी. गौरव आहे तो सदाचारी माणसांचा, एका नेमक्या कामाबद्दलचा. आणि त्याच्या जोडीला, आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या बाबतीत तसेच वागावे, ही अपेक्षा. गोऱ्या वंशाच्या थोरवीचा तेथे मागमूस नाही. जोतीरावांनी केलेली स्तुती ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकते, रक्ताची स्तुती ती काढून घेते. पुढच्या सत्कारसमारंभात आभाराचे भाषण लिहिण्याची पाळी आमच्यापैकी कोणावर आली, तर देणाऱ्याचे नाव लिहावे, कशासाठी दिले ते लिहावे, किती दिले ते लिहावे आणि रक्ताचा उल्लेख रक्तदान शिबिरासाठी राखून ठेवावा.