उतारावरचा पाळणा

हरसूलच्या परिसरात सपाट जमीन शोधावी लागते. वाघेऱ्याचा घाट ओलांडला की डोंगरउतार, भातखाचरांचे बांध आणि पावसाळ्यात पाय रुतणारी माती. विजेचे खांब याच जमिनीवरून पाड्यापाड्यांपर्यंत गेलेले आहेत. तार तुटली की कोणाला तरी तेथेच वर चढावे लागते. शिडीऐवजी यांत्रिक पाळण्याची गाडी आली म्हणजे हे काम निर्धोक होईल, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

खडबडीत जमिनीसाठी बनविलेली बूम लिफ्ट चाळीस टक्क्यांपर्यंतचा चढ चढू शकते. परंतु ही क्षमता पाळणा खाली मिटलेला असतानाची. पाळणा उंच गेला की तेच यंत्र साधारणतः ५ अंश किंवा त्याहूनही कमी कल सहन करते. यंत्र जेथे चढून जाते तेथे ते पाळणा उंचावून उभे राहू शकेलच असे नाही, आणि नेमकी हीच गल्लत जिवावर बेतते. पायथ्याशी अवघा १ अंश कल असला तरी १५ मीटर उंचीवरचा पाळणा सुमारे २६ सेंटिमीटर बाजूला जातो. सकाळी कठीण वाटलेली माती दुपारच्या सरीनंतर एका चाकाखाली खचली, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. म्हणून आधी जमीन तपासावी, जॅकखाली रुंद फळ्या द्याव्यात, कलाची सूचना देणारा भोंगा बंद करू नये, पट्टा पाळण्यातील ठरलेल्या कडीलाच अडकवावा, वारा वाढताच खाली यावे. बहुतेक बूम लिफ्ट वीजरोधक नसतात; तेव्हा तारेजवळ जाण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून अर्थिंग केलेच पाहिजे.

हे नियम पाळण्याचा खर्च सोसायचा कोणी, हा खरा प्रश्न. गाडी अर्धा दिवस थांबली तर भाडे ठेकेदाराच्या अंगावर पडते. कलंडली तर कामगाराचा संसार उघड्यावर पडतो. आणि थांबविण्याचा अधिकार मात्र ठेकेदाराच्याच हाती! सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत कात्री प्रथम सावधगिरीलाच लागते.

डोंगराबाहेरही चित्र निराळे नाही. ऑगस्ट २०२३च्या आरंभी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. सप्टेंबरात ठाण्याच्या बाळकुममध्ये इमारतीच्या कामावरील लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले. शहापूरच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले. मृत्यूनंतर रक्कम ठरते. मृत्यू टाळण्याची रक्कम निविदेत आधी का लिहिली जात नाही?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१च्या १५५ क्रमांकाच्या ठरावाने, गंभीर व तत्काळ धोका पाहून कामावरून दूर झालेल्या कामगाराला संरक्षण दिले. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता असा धोका मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क देते. हरसूलच्या पाड्यावर, भर पावसात, निरीक्षक कोठून आणावा?

कार्यकर्त्यांनी दोन मागण्या धराव्यात. सुरक्षिततेचा खर्च निविदेतील स्पर्धेबाहेर, स्वतंत्र बाब म्हणून असावा. आणि जमीन अयोग्य वाटल्यास पाळणा वर न नेण्याचा अधिकार चालकाला व पाळण्यातील माणसाला लेखी मिळावा. त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये. ठेकेदाराच्या हजेरीपटावरील कामगारालाही तो कायम वायरमनइतकाच लागू हवा.